इस्त्रीचा शर्ट आणि म्हशीची धार

आमचे मालक फौजेतून सुभेदार होऊन परतले ते दारूसकट. रोज संध्याकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, केसांचा भांग, आणि मग कॅन्टीनची बाटली. शिस्तीत प्यायचे आणि शिस्तीतच भांडी फेकायचे. रक्ताची उलटी झाली तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. डॉक्टर म्हणाले, आता परत घेतली तर वाचणार नाहीत. मी मालकांना तोंडावर सांगितलं, "प्यायलात तर मी गडहिंग्लजला लेकीकडं जाणार. तुमचं मरण बघत बसणार न्हाय."

थोडे दिवस बरे गेले. मग संध्याकाळची आंघोळ परत सुरू झाली. भांग, इस्त्रीचा शर्ट. कुठं विचारलं तर म्हणायचे, फिरायला. इस्त्री करून कोण फिरायला जातं? परत यायचे ते बडीशेप चघळत. मी कपाट बघितलं, पाण्याच्या टाकीमागं बघितलं, त्यांच्या बुटांत हात घातला. काही सापडलं नाही, म्हणून संशय जास्तच वाढला.

एक दिवस पदर घेऊन मागोमाग गेले. मंगळवार पेठेतून पुढं दूधकट्ट्यावर पोचले. तिथं म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून ग्लास भरून देतात. म्हशीपलीकडं मालक आणि त्यांचे जुने फौजी सोबती घोळका करून उभे होते. हातातलं काही दिसत नव्हतं, म्हशीची पाठ आड येत होती. तेवढ्यात ग्लासला ग्लास लागला आणि एकजण म्हणाला, "चिअर्स!"

मी म्हशीला वळसा घालून समोर उभी राहिले.

"दूध हाय वैनी," तो सोबती घाबरून म्हणाला. "आम्ही सगळ्यांनीच सोडलीय. पण ह्या वेळंला हातात ग्लास लागतोय की."

"दुधात काय घातलंय?"

"साखर बी न्हाय!"

मी मालकांचा ग्लास ओढून घेतला, वास घेतला, प्यायले. दूधच होतं, कोमट आणि फेसाळ.

"मग बडीशेप कशाला?"

"अगं, मिशीला वास येतोय," मालक म्हणाले. "जन्मभर दूध म्हंजे पोरांचं म्हणून नाक मुरडलं. तुला कळलं असतं तर गल्लीभर सांगितलं असतंस."

"सांगणारच. आधी तोंड उघडा."

"हितं?"

"हितंच."

दूधवाला धार थांबवून बघायला लागला. मालक परेडमध्ये उभं राहावं तसे ताठ झाले, मग वाकले आणि माझ्या तोंडावर श्वास सोडला. नुसतं दूध.

"रिपोर्ट काय, वैनी?" सोबती हसला.

"आजचा बरा हाय. उद्याचा उद्या घेणार."

"म्हंजे तू रोज येणार?" मालकांनी विचारलं.

"म्हस येतीय न्हवं रोज? मग मी बी येणार."