दर्यावीराला बुडवा, हे सांगायला पाचूबंदरला

आमच्या गिरगावच्या वाचक मंडळाने एकमताने ठराव केला: दर्यावीर एकतर सुधारावा, नाहीतर मरावा. ज्यांना हा प्राणी ठाऊक नाही ते भाग्यवान. दर महिन्याला दोन आण्यांना मिळणारी ही चित्रकथा. तिचा नायक पाण्याखाली श्वास घेतो, एका हाताने गलबत उचलतो आणि जुलूम करणाऱ्यांना समुद्रात बुचकळून काढतो. पहिली काही वर्षे काय अंक निघाले! एकेका लाटेवर जीव टाकलेला असे. आणि आता? खलनायक तोच, फक्त मिशा बदलून येतो. होड्या परातीसारख्या दिसतात. एक देवमासा चक्क बोलतो, तोही आमच्या हेडमास्तरांसारखा. शिवाय दर अंकात नायक बुडतो आणि शेवटच्या चित्रात वर येतो. धुणे तरी इतक्या वेळा भिजवत नाहीत.

लिहिणारा आणि काढणारा माणूस एकच, वसईजवळ पाचूबंदरला राहणारे रॉक मास्तर. त्यांना भेटून ठराव ऐकवण्याची कामगिरी माझ्यावर आली, कारण मंडळात सगळ्यांत तिखट जीभ माझी.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, रविवारी सकाळचीच गाडी धरा. वसईच्या स्टेशनाबाहेर टांगे असतात. टांगेवाला रुपया मागतो, बारा आण्यांवर येतो आणि वाटभर तुम्ही त्याला लुटल्यासारखा कण्हतो. रस्ता मात्र सुरेख आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, विहिरींवर कुरकुरणारे रहाट. वाटेत सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, जरूर घ्या. मी घेतली आणि पोहोचेपर्यंत संपवली. किल्ला मागे टाकला की वाळत्या बोंबलांचा वास पुढे येऊन स्वागत करतो, रुमाल जवळ ठेवा.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवतात. बारीक, बोटांना शाई लागलेले. ओटीवर एक म्हातारी सुपात जवळा निवडत होती. त्यांची आई असावी, असे मी धरून चाललो. चहा आला आणि मी तोंड सोडले. होड्या, मिशा, देवमासा, काही ठेवले नाही.

"खरं आहे," मास्तर प्रत्येक वेळी म्हणत. भांडायला आलेल्या माणसाची यापेक्षा मोठी निराशा नाही.

"आणि दर अंकात शेवटी त्याचा तोच चेहरा!" मी म्हणालो. "बाकी सगळं उरकलेलं, तेवढाच मन लावून काढलेला. भुवईवरची खूणसुद्धा चुकत नाही. त्यापेक्षा बुडवून टाका त्याला एकदाचा!"

मास्तरांनी हात वर केला, पण उशीर झाला होता. म्हातारीने सूप खाली ठेवले.

"बुडंल कसा तो?" ती मला म्हणाली. "त्याला पोवता येतं. तू कोन रं, तुला काय ठावं?"

मग मास्तरांकडे वळून तिने विचारले, "या महिन्याला आला ना रं पान्यातून वर?"

"आला, मोनिकाबाय," मास्तर म्हणाले. ती पुन्हा जवळा निवडू लागली. मी उरलेला चहा संपवून उठलो.

टांग्यापर्यंत मास्तर सोबत आले. "ती माझी आई नाही," ते म्हणाले. "माझ्या दोस्ताची, बस्त्यावची. दर्यावीराचं तोंड त्याचंच. ती खूणही त्याचीच, लहानपणी होडीचा नांगर लागला होता. वादळात होडीसकट गेला, प्रेत मिळालं नाही. त्याच महिन्यात मी मालिका संपवणार होतो. दर्यावीर समुद्रात जातो आणि परत येत नाही, अशी चित्रं काढूनही झाली होती. तिनं ती पाहिली, तिला वाचता येत नाही, आणि म्हणाली, पुढचं काढ."

"आणि तुम्ही काढलंत."

"अजून काढतोय. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला आमचं सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावतं. ही लावत नाही. मेणबत्ती लावली की पोरगा मेला. दर महिन्याला अंक छापून आला की रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर माझ्याकडे येते आणि शेवटचं पान बघते. गोष्ट तर केव्हाच संपलीय, साहेब. मलाही कळतं ते."

परतीच्या टांगेवाल्याने रुपयाच मागितला, मी घासाघीस केली नाही.

मंडळात सगळे वाट पाहत होते. "काय, बुडवतोय ना?" मी म्हणालो, नाही, आणि सुधारणारही नाही. कारण सांगितले नाही. मंडळाने अंक घेणे बंद केले.

मी माझ्या दोन आण्यांनी घेतो. परवाच नवा आला. देवमासा आता नुसता बोलत नाही, कीर्तन करतो! होडी मागच्याहून वाईट. पण मधले काही वाचण्याआधी मी शेवटचे पान उघडले. ओले केस, भुवईवर खूण. वर आला होता. जिवाला बरे वाटले. मग पहिल्या पानापासून शिव्या घालत वाचायला घेतला.