उठून जाणारं गाव

मुरबे गावाच्या पलीकडचं, समुद्राकाठचं आमचं गाव. इथे गावकीच्या सभेत कुणी तोंडावर 'नाही' म्हणत नाही. विषय पटला तर लोक बसून राहतात, नाही पटला तर मुकाट उठून घरी जातात. सांगणाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा नको, म्हणून ही रीत. निम्मी सभा उठली की विषय तिथंच संपतो.

होऊ घातलेल्या बंदराच्या सरकारी जनसुनावणीलाही आम्ही हेच करायचं ठरवलं. बंदर आलं तर किनारा जाणार होता, आणि किनाऱ्यावर माझ्या आईच्या वलांड्या होत्या. त्या बांबूंवर बोंबील सुकवूनच तिनं आम्हाला वाढवलं. मी म्हटलं, "आई, तिथे माइक असतो. बोलायला हवं."

"बोललं का केस टाकतात," ती म्हणाली. "आख्खा गाव उठला का त्यांना समजंल नाय का?"

तिचंही चुकत नव्हतं. बंदराविरुद्धच्या आधीच्या मोर्चात नुसत्या घोषणा दिल्या, तर निम्म्या गावावर गुन्हे दाखल झाले होते.

सुनावणी मुद्दाम लांब, बोईसरला ठेवली. मंडपात लोकांपेक्षा पोलीस जास्त. दारातच आईची छत्री काढून घेतली, का तर काळी होती. "मग पांढरी तुमीच घेऊन द्या," आई म्हणाली. शिपाई हसला, छत्री काही दिली नाही.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बंदराचे गोडवे गायले आणि विचारलं, "कुणाची हरकत आहे?"

आमचं अख्खं गाव उठलं. बाया, म्हातारे, सगळे. कुणी चकार शब्द काढला नाही, चपलांचा तेवढा आवाज. मला भरून आलं. एवढा मोठा नकार मी कधी पाहिला नव्हता.

शेवटचा माणूस बाहेर पडला तसं पोलिसांनी फाटक लावलं. कर्ण्यातून साहेब म्हणाले, "कुणाचीही हरकत नाही. धन्यवाद." आत टाळ्या वाजल्या. कुणाच्या, देव जाणे.

आईनं फाटकाचे गज धरले. "हाय! आमची हरकत हाय!" बाजारात मासे विकून कमावलेला तिचा आवाज, पण कर्ण्यापुढे काय टिकणार? "मावशी, वेळ संपली," शिपाई म्हणाला.

वलांड्यांच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे. गावकीच्या सभा अजून भरतात. विषय पालखीच्या रस्त्याचा असो की विहीर उपसण्याचा, पटला नाही की आई उभी राहते आणि मोठ्यानं म्हणते, "नाय!" तिला कुणी दटावत नाही. ऐकायला तेव्हा फक्त आम्हीच असतो.