बाकाखालची चिकटपट्टी

सरोजला मी शेवटची भेटले तेव्हा एक नवशिकी नर्स तिच्या मनगटावरची सलाईनची चिकटपट्टी ओढून काढत होती. चार दिवस जिच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं ती सरोज एकदम जुन्या वॉर्ड सिस्टरच्या आवाजात म्हणाली, "ओढू नकोस गं. स्पिरिट लाव, जरा थांब, आपोआप सुटते." पोरगी बिचारी ओशाळली आणि कापूस आणायला गेली. सरोजनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षं आम्हा दोघींत चिकटपट्टी आणि स्पिरिट हे दोन शब्द कुणी उच्चारले नव्हते... त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते मी पुढे सांगेन, कारण आधीचं सांगितल्याशिवाय ते कुणाला कळायचं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावला होता. "मावशी गेली," एवढंच तो म्हणाला. मी खुर्चीत बसून राहिले आणि कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. वरण करपलं, ते भांडं अजून नीट निघालेलं नाही.

सरोज आणि मी येरवड्याच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये लहानपणापासून एकत्र होतो. एकत्र म्हणजे एका छपराखाली. मी पहिल्या बाकावर आईजवळ, ती सगळ्यात मागे वसतिगृहाच्या मुलींच्या रांगेत सतरंजीवर. तिचे आईवडील लवकर गेले, मिशनच्या वसतिगृहानं तिला वाढवलं आणि नर्सिंगला घातलं. पुढच्या बाकांवर कोण बसायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ती बाकं ज्या घराण्यांनी करून दिली त्यांचीच माणसं तिथं बसत. पहिलं बाक माझ्या आजोबांनी दिलेलं. वडिलांच्या पेनातली शाई सांडून त्या बाकाच्या हातावर निळा डाग पडला होता, आणि वडील गेल्यावर आई प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून त्या डागावर हात ठेवायची. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. पुढे बसणाऱ्याला मागचं दिसत नाही, हे इतकं साधं आहे.

मग पुण्यात संगणकाच्या कंपन्या आल्या आणि येरवड्याच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. चर्चच्या जागी आज काचेची इमारत उभी आहे, तिच्यात माझ्या चुलतभावाची सून नोकरी करते. त्या व्यवहारात आम्हाला कर्वेनगरमध्ये एका नव्या इमारतीचा तळमजला मिळाला. त्या भागात आधीपासून एक लहान मंडळी जमत असे. यवतमाळ, वाशीमकडून आलेली कुटुंबं, कुणी वॉचमन, कुणी बांधकामावर, दोनचार मुलं कंपन्यांत लागलेली. एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून ती उपासना करत. आता दोन्ही मंडळ्या एक होणार होत्या आणि येरवड्याचं सगळं सामान कर्वेनगरला जाणार होतं. सामान हलवायचं काम आम्हा स्वयंसेवकांकडे आलं, म्हणजे खरं तर सरोजकडे, आणि बाकीचे तिच्या हाताखाली. आमच्या ज्येष्ठांनी संमती दिली ती एका अटीवर. बाकं जशी आहेत तशीच, त्याच क्रमानं लागली पाहिजेत. माझी आई त्या सभेत म्हणाली, "जागा बदलताय तेवढं पुरे. उगाच आणखी सुधारणा नकोत." सगळे हसले, मीही हसले.

हॉलची मापं घ्यायला सरोज आणि मी गेलो तेव्हा तिथं त्या लहान मंडळीतल्या कौसाबाई फरशी पुसत होत्या. वीस बाकं कशी बसतील याचा आम्ही हिशेब करत होतो. कौसाबाई फडकं पिळत म्हणाल्या, "बाकं तुमचीच हायेत जी. आमी मांग सतरंजी टाकून घेऊ, आमाले सवय हाये." अगदी मोकळेपणानं म्हणाल्या, त्यात टोमणा नव्हता. सरोजनं फक्त प्यायला पाणी मागितलं. पण परत येताना रिक्षात ती डेक्कनपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि सरोज गप्प बसली म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काम मात्र तिनं असं केलं की बघत राहावं. बाप्तिस्म्याचं संगमरवरी पात्र तिनं दवाखान्यातून मागून आणलेल्या लाल ब्लँकेटांत गुंडाळलं. उपदेशपीठाची शिडी वेगळी, कठडा वेगळा, प्रत्येक खिळा कागदाच्या पुडीत. टेम्पोवाल्याला तिनं बजावलं की पेशंट हलवताना घाई करायची नसते. पाळकसाहेबांचा जावई संगणकात होता, तो सगळी यादी एक्सेलमध्ये करून देतो म्हणाला. सरोजनं विचारलं, "बाक उलटं केल्यावर तुमचा कॉम्प्युटर दिसणार आहे का?" तिनं चिकटपट्टीची दोन रिळं आणली आणि नंबर लिहायचं काम मला दिलं, कारण माझं अक्षर चांगलं. विमा कचेरीत पंचवीस वर्षं मी पॉलिसीवर नावं घातली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी एक ते वीस आकडे लिहिले आणि गुडघे टेकून एकेका बाकाखाली स्वतःच्या हातानं चिकटवले. पहिली पट्टी अर्थात आमच्या बाकाला लावली. चर्चची किल्ली सरोजकडे होती.

शनिवारी सकाळी बाकं टेम्पोत चढवताना मला स्पिरिटचा वास आला. वाळवीसाठी सरोजनं काही लावलं असेल असं मला वाटलं, आणि कामाच्या गडबडीत मी ते विसरले. कर्वेनगरला दुसऱ्या तुकडीनं नंबर बघून बाकं लावली. नवी गुळगुळीत फरशी, बाकं सरकायला नकोत म्हणून सुतारानं ती संध्याकाळपर्यंत स्क्रूनं जमिनीत पक्की केली. मी तेव्हा येरवड्याला रिकाम्या चर्चमध्ये झाडू मारत होते.

रविवारी आई माझा हात धरून आत आली, पुढे गेली आणि थांबली. पहिल्या बाकाच्या हातावर डाग नव्हता. शाईचा डाग सापडला तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ, चपलांच्या फळीला लागून. जुन्या घराण्यांची सगळीच बाकं अशी मागे विखुरली होती. आता पुढे जाऊन दुसऱ्याच्या बाकावर बसायचं, की मागे आपल्या बाकावर? एकेक करून सगळे मागे गेले, कारण आमच्या लोकांचा जीव क्रमापेक्षा बाकात जास्त होता. पुढे जागा रिकामी राहिली. पाळकसाहेबांनी भिंतीकडेला सतरंजी टाकून बसलेल्यांना पुढे बोलावलं आणि कौसाबाई, त्यांचा नवरा, दोन मुली पहिल्या बाकाच्या अगदी कडेवर टेकल्या. पाठ न टेकता, सरकारी कचेरीत बसावं तशा.

उपासनेनंतर सगळे गेल्यावर मी फरशीवर आडवी झाले आणि आमच्या बाकाखाली पाहिलं. माझंच अक्षर होतं, पण आकडा एकोणीस. पट्टीचे कोपरे सरळ, लाकडावर जुन्या गोंदाचा मागमूस नाही. ओढून काढलेली पट्टी अशी निघत नाही. अशी पट्टी सोडवणारी बाई आमच्या मंडळीत एकच होती.

बुधवारी कमिटी बसली. नंबर कुणी लिहिले, अशी विचारणा झाली. सरोज समोर चहाचा ट्रे धरून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, ती बोलेल म्हणून थांबले... चांगलीच थांबले. मग म्हणाले, "माझीच चूक झाली असेल." मी असं का म्हणाले हे मला पुष्कळदा विचारावंसं वाटलंय, मलाच. खरं सांगायचं तर कौसाबाईंच्या कुटुंबाच्या त्या ताठ पाठी डोळ्यांसमोरून जात नव्हत्या, त्यांना तिथून कुणी उठवू नये असं मलाही वाटत होतं. पण मी धरून चालले होते की सरोज निदान माझ्या आईला तरी खरं सांगेल. फरशीला लगेच पुन्हा भोकं पाडायची नाहीत म्हणून नाताळपर्यंत थांबायचं ठरलं, नाताळ गेला, आणि बाकं राहिली तिथंच राहिली. महिला मंडळाचं चिटणीसपद मी सोडलं. सोडलं म्हणायचं, पुढच्या वर्षी कुणी नाव सुचवलं नाही.

आईनं मला माफ केलं नाही. ती भांडली नाही, तिचा तो स्वभावच नव्हता. एकदाच म्हणाली, "साधे आकडे लिहायचे होते गं." पण त्यानंतर आहेराची पाकिटं, नातवंडांच्या लग्नपत्रिका, काहीही ती माझ्याकडून लिहून घेईना, शेजारच्या मुलीला बोलावी. आणि सरोज? सरोज दर रविवारी रिक्षा घेऊन दारात हजर. आईला हाताला धरून नेई, त्या शेवटच्या बाकावर तिच्या शेजारी बसे, आणि आईला मागून ऐकू येत नसे म्हणून सगळा उपदेश तिच्या कानात थोडक्यात सांगे. नऊ वर्षं. एक रविवार चुकला नाही, रात्रपाळी करून आली तरी. पोटच्या मुलीनं एवढं केलं नसतं, असं लोक म्हणत, माझ्यासमोर म्हणत. आई तर तिच्यावर जीव टाकायची. एकदा आमच्या स्वयंपाकघरात चहा पिताना तिचा हात धरून म्हणाली, "सरोज, नंबर तू लिहायला हवे होतेस. असा घोळ झाला नसता." मी ओट्याशी उभी होते. सरोजनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि प्याली.

आई गेली तेव्हा तिला आंघोळ घातली ती सरोजनं. वेणी घातली, पांढरी साडी नेसवली. मी बाजूला उभी राहून वाट पाहत होते. आता तरी... आईच्या कानात का होईना. तिनं आईचा हात बराच वेळ धरून ठेवला, मग माझ्याकडे वळून सेफ्टी पिन मागितली.

आता त्या शेवटच्या भेटीकडे येते. नर्स स्पिरिट लावून, पट्टी सोडवून गेली. सरोज म्हणाली, "तू कधी विचारलं नाहीस."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर बाकं परत फिरवली असती ना तुम्ही लोकांनी."

तुम्ही लोकांनी. पन्नास वर्षांच्या मैत्रीनंतर मी तिच्या लेखी पुढच्या बाकावरचीच होते. ती पुढे म्हणाली, "आईंना सांगायला हवं होतं. दर रविवारी ठरवून यायचे... जीभ रेटली नाही." मी विचारलं, "आणि मला?" तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "तू तर होतीसच." बाहेर जेवणाची गाडी आली होती, भेटीची वेळ संपल्याचं कुणीतरी ओरडत होतं, आणि मी पर्स उचलून निघाले. त्या तीन शब्दांचा अर्थ मी सहा आठवडे लावते आहे. कधी वाटतं, एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणीच टाकला नाही. कधी वाटतं, मला इतकं गृहीतही कुणी धरलं नाही. दोन्ही खरं असेल तर माणसानं काय करायचं?

स्मरणसभेत नवे पाळकसाहेब म्हणाले की सिस्टरांनी अख्खं चर्च येरवड्याहून कर्वेनगरला आणलं आणि एकही वस्तू इकडची तिकडे होऊ दिली नाही. मला हसू आलं, रुमाल तोंडाला लावावा लागला, लोकांना वाटलं रडते आहे. मग खरंच रडू आलं. नंतर मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते तरुण आहेत, घाबरले. म्हणाले, "तुमचं बाक आपण पुढे घेऊ या का? सुताराला बोलावतो." मी म्हटलं, राहू द्या. उदारपणानं नव्हे. पुढे नेऊन तिथं बसणार कोण? आई नाही. मला सरोजचा राग आहे, तो जात नाही, आणि तिनं केलं ते बरोबर होतं असंही मला वाटतं, तेही जात नाही.

गेल्या शनिवारी दुपारी मी कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन गेले. चर्चमध्ये कौसाबाई झाडत होत्या. मला दाराजवळ फरशीवर आडवी झालेली पाहून त्यांनी विचारलं, "काय शोधून रायले जी बाई?" मी म्हटलं, काही नाही, जुनी पट्टी काढते आहे. त्यांनी झाडू ठेवला, चालत पुढे गेल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. पाठ टेकून, पाय सोडून, पदरानं वारा घेत. मी पट्टीवर स्पिरिट लावलं आणि सरोजनं सांगितल्याप्रमाणे थांबले. एक कोपरा सुटला, मग दुसरा. पट्टी आपोआप हातात आली, खाली लाकूड स्वच्छ. आता त्या बाकाला नंबर नाही. मी उठून त्याच्यावर बसले, सरोज बसायची त्या जागी, आणि शाईच्या डागाची बाजू आईसाठी मोकळी ठेवली. बोटांचा स्पिरिटचा वास मी रात्रीपर्यंत धुतला नाही.