पाच मिनिटांचं निरीक्षण

त्या बाईंचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःला सावरून घेता येणार नाही.

कर्वेनगरातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे वर्षाच्या करारावर आल्या. लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायच्या. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मला म्हणाल्या, "माझं इंग्लिश गावाकडचं हाय, सर. चुकलं तर सांगत जा." मी मोठेपणाने हसलो. सांगण्यासारखं पुष्कळ सापडेल, असं मनात म्हटलं.

नववी 'अ' माझ्याकडे, 'ब' त्यांच्याकडे. एका आठवड्यात दोन्ही वर्गांत एकच भाग चालू होता. 'मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं' हे इंग्रजीत कसं म्हणायचं? आधी सी, हिअर, स्मेल असं एखादं क्रियापद, मग ज्याला पाहिलं तो, आणि मग आयएनजी लावलेला शब्द. आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड. मी हे सूत्र फळ्यावर चौकटीत लिहितो, खाली वीस वाक्यं देतो आणि मुलं ती उतरवून घेतात. बावीस वर्षं तीच वाक्यं. त्यातलं रेडिओ वाजत असलेलं वाक्यसुद्धा मी बदललेलं नाही.

भिंतीपलीकडून 'ब'चा आवाज येत होता. त्यांनी मुलांना रस्त्याकडच्या खिडक्यांपाशी उभं केलं होतं.

"आय कॅन सी अ मॅन वॉशिंग हिज रिक्षा!"

"आय कॅन हिअर अ कुकर व्हिसलिंग!"

"आय कॅन स्मेल समबडी फ्राइंग फिश!"

"सोमवारी फिश?" बाईंचा आवाज. "समोरच्या काकू ऐकतील रे. नीट वास घे."

हशा पिकला. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, आपण पण खिडकीपाशी जायचं?"

"खिडकी परीक्षेला येत नाही. लिही."

मधल्या सुट्टीत गणिताचे सर डबा उघडता उघडता म्हणाले, "सर, तुमच्या तासाला काय शांतता असते हो! कुणाची झोपमोड होत नाही." सगळे हसले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी कीव करावी, हे मला जास्त लागलं.

करार वाढवायचा की नाही, हे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, पाठनिरीक्षण पाहून ठरवतात. ते विषयप्रमुख करतो आणि इंग्रजीचा विषयप्रमुख मीच होतो. रीत अशी की पूर्ण तास शेवटच्या बाकावर बसायचं आणि मग छापील तक्ता भरायचा.

दुसऱ्या दिवशी मी निरीक्षणाला गेलो आणि दारातच थांबलो. अर्धा वर्ग खिडकीला चिकटलेला, एक मुलगा बाकावर चढलेला, 'आधी मी ऐकलं' म्हणून दोन मुली भांडत होत्या. मला हवं ते मिळालं. पाच मिनिटांत मी परत फिरलो, चहा मागवला आणि तक्ता भरला. 'शिस्त नाही. वर्गावर नियंत्रण नाही. लेखनकार्य झाले नाही.' निरीक्षणाचा कालावधी: पूर्ण तास. खाली सही.

मोठ्या बाईंनी विचारलं, "पूर्ण तास बसलात ना, सर?"

"हो," मी म्हणालो.

वर्ष संपल्यावर करार वाढला नाही. त्या माझ्यापाशी येऊन "येते, सर" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मे महिन्यात त्यांचं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. आत 'ब'च्या वह्या होत्या. मी त्या दिवसाचं पान काढलं. प्रत्येक वहीत पाच-पाच वाक्यं, प्रत्येकाची वेगळी, खाली बाईंची लाल खूण. एकाने लिहिलं होतं, आय सॉ सर स्टँडिंग अ‍ॅट द डोअर. मी गेल्यावर वर्ग जागेवर बसला होता आणि त्याने लिहिलं होतं. मी कपाटाशी उभा राहून सगळ्या वह्या पाहिल्या. एकही कोरी निघावी अशी आशा होती. निघाली नाही.

दोन दिवस टाळून शेवटी त्यांना फोन केला. काय केलं ते सांगितलं.

"मला ठाऊक हाय, सर. तुम्ही दारातून परत गेलात, ते मी बघितलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणापाशी बोलणार? विषयप्रमुख तुम्हीच." पुढे म्हणाल्या, "आन् आता मला सांगून काय होणार? तुम्हाला हलकं वाटंल. खडकीच्या एका शाळेत माझी मुलाखत हाय गुरुवारी. ते तुमच्या शाळेत फोन करून विचारणारच. सांगायचं तर मोठ्या बाईंना सांगा."

बुधवारी सकाळी मी मोठ्या बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"किती वेळ होतात तिथे?"

"पाच मिनिटं."

"आणि मला 'हो' म्हणालात." त्यांनी फाइलमधून तोच तक्ता काढून माझ्यापुढे सरकवला. "याच कागदावर लिहा. काय पाहिलंत आणि काय पाहिलं नाहीत. तारीख घाला."

मी लिहिलं. जूनपासून विषयप्रमुखपद दुसऱ्या बाईंकडे गेलं. का, ते गणिताच्या सरांनीही विचारलं नाही.

खडकीची नोकरी त्यांना मिळाली. हे मला मोठ्या बाईंकडून कळलं. त्या बाईंनी स्वतः मला कळवलं नाही, आणि का कळवावं? कबुली दिल्यावर हेवा जाईल, अशी माझी समजूत होती. परवा जिन्यात मोठ्या बाई सहज म्हणाल्या, "तिथली मुलं सुट्टीतही त्यांना सोडत नाहीत म्हणे." मी "वा, छान" म्हणालो. हेवा मात्र होता तसाच होता, आणि वर्गात गेल्यावर मी खडू घेऊन फळ्यावर पुन्हा तीच चौकट आखली.