मी फक्त प्रश्न विचारले

हे सांगायला मी अनेकदा सुरुवात केली आणि दर वेळी पहिल्याच वाक्यात विषय बदलला. आईजवळ बोलले नाही. ज्याच्याशी लग्न ठरलं आहे त्याच्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यासमोर शेवटापर्यंत पोहोचेन. निदान तसा प्रयत्न आहे.

आधी पद्धत सांगते, मग निष्कर्ष. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे, ही खोड तिथली. की हाही पुढे ढकलण्याचाच एक प्रकार? असेल.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. टोमॅटोची प्युरी आणि फळांचा गर तयार होतो. मी गुणवत्ता विभाग सांभाळत होते. कामात वेगवान होते, बहुतेक वेळा बरोबरही असे, आणि बैठकीत माझ्यासमोर कोणी मोकळेपणाने बोलत नसे. हे शेवटचं मला फार उशिरा कळलं. कंपनीने अधिकाऱ्यांसाठी कोचिंग सुरू केलं, तेव्हा पुण्याहून एक बाई येऊ लागल्या. पंचवटीत आमच्या शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, पोरगी आता कशात नापास झाली म्हणून शिकवणी लावलीत? मीही मनातून हसत होते. ज्याचं मोजमाप नाही, तुलनेला दुसरा गट नाही, ते कसलं शास्त्र?

बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, समोरचा बोलत असतो तेव्हा तू नेमकं काय ऐकत असतेस? मी चूक ऐकत असे. दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक सापडेपर्यंत ऐकायचं, सापडली की थांबवायचं — माझं ऐकणं एवढंच होतं.

ते सुटायला काही महिने लागले. पण सुटलं. माझ्या प्रयोगशाळेतली मुलगी बिघडलेला नमुना पूर्वी गुपचूप ओतून द्यायची. ती आता स्वतःहून येऊन सांगू लागली की माझ्याकडून आज मोजणीत गोंधळ झालाय. माल वाया जायच्या आधी दोष कळू लागला. ही पद्धत माणसाला खरोखर पुढे नेते, यावर माझा तेव्हा विश्वास बसला आणि तो आजही आहे. मी जे केलं ते या पद्धतीची ताकद नीट ओळखून केलं.

पुढे बाईंनी आमच्यापैकी काहींना सहकाऱ्यांचे कोच म्हणून तयार केलं. कोच सल्ला देत नाही, उत्तर सुचवत नाही. प्रश्न विचारतो आणि शांत बसतो, म्हणजे समोरच्याला स्वतःचं उत्तर शोधायला जागा मिळते. आणखी एक नियम होता: जिथे आपला स्वतःचा स्वार्थ गुंतलेला असेल तिथून कोचने बाजूला व्हायचं. पहिला नियम मी काटेकोरपणे पाळला. दुसऱ्याचं — येतेच त्यावर.

माझ्या वाट्याला वैशालीताई आल्या. उत्पादन विभागाच्या पर्यवेक्षक. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. सायखेड्याहून स्कूटीवर येत. चारचौघांत मला मॅडम म्हणत, एकट्या असल्या की ‘अगं’. त्यांची अडचण अशी की सगळं काम स्वतःच्या अंगावर घ्यायच्या. यंत्र अडलं की ऑपरेटरला बाजूला सारून स्वतः हात घालायच्या. आमच्या भेटींतून त्यांचं त्यांनाच उमगलं की आपण माणसांना शिकूच देत नाही. हळूहळू त्या मागे उभ्या राहू लागल्या. हंगाम ऐन भरात असताना त्यांची पाळी शांतपणे चालायला लागली. मला चिडवायच्या, “तू आमच्या तलाठ्यासारखी हायस. विचारते सगळं, देत काय नाय.” आम्ही दोघी हसायचो.

मग दिंडोरीच्या पुढे कंपनीचा नवा कारखाना उभा राहू लागला आणि त्याला प्रमुख हवा होता. अर्ज कोणीही करू शकत होतं, नावं गुप्त राहणार होती. वैशालीताईंच्या मनात ते पद होतं. माझ्याही होतं. मी तोवर कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन माझी इच्छा सांगूनही आले होते. त्याच दिवशी ताईंना सांगायला हवं होतं की या विषयावर आता दुसऱ्या कोणाशी बोला. किती शब्द लागले असते? मी पुढच्या भेटीची वेळ ठरवली.

ताईंची एकच भीती होती. सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. रात्री त्यांना कुशीवर वळवणं, स्वच्छ करणं ताईंच्याच हातचं, दुसऱ्या कोणाला त्या हात लावू देत नसत. दिवसा नणंद येऊन बसायची. म्हणजे प्रश्न फक्त रात्रीचा. नव्या जागी प्रमुखाला हंगामात रात्री थांबावं लागणार असेल, तर ताईंना ते पद घेताच येणार नव्हतं. आणि हे साहेबांना विचारण्याची सोय नव्हती — अर्जाआधीच बाई अटी घालायला लागली, असं झालं असतं. कारखान्यात काम करणाऱ्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्यांनी मला विचारलं. सरळ विचारलं. “तुझं साहेबांकडं येणंजाणं असतंय. तुला ठाऊक असंल तर सांग ना गं, रात्रीचं थांबावं लागंल का तिथं?”

मला ठाऊक होतं. साहेबांनी त्याच केबिनमध्ये मला सांगितलं होतं — प्रमुखाची ड्युटी दिवसाची, न्यायला-आणायला कंपनीची गाडी, रात्री पाळीचे अधिकारी बघतील. एका वाक्यात उत्तर देता आलं असतं.

मी म्हणाले, “लागलं तर काय होईल, ताई?”

आणि थांबले. थांबायचं कसं, ते मला शिकवलेलं होतं. चेहरा शांत ठेवायचा, नजर हटवायची नाही, समोरच्याच्या शांततेत आपला शब्द टाकायचा नाही. त्यांनी त्या रात्री मनात उभ्या केल्या. सासूबाई एकट्या, नवरा झोपलेला, आपण चाळीस-पन्नास किलोमीटर लांब. मी पुढचा प्रश्न विचारला: पाच वर्षांनी मागे वळून पाहताना कशाची खंत वाटलेली तुम्हाला चालणार नाही? तुम्हीच सांगा, याला दुसरं कोणतं उत्तर येणार होतं? प्रश्न उत्तम होता. पुण्याच्या बाईंनी ऐकला असता तर माझं कौतुक केलं असतं. ताईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, ठरलं, मी अर्ज करत नाही. मी विचारलं, या निर्णयाबद्दल आता कसं वाटतंय? हलकं वाटतंय, म्हणाल्या.

ते पद मला मिळालं.

त्यानंतर मी स्वतःशी फार व्यवस्थित युक्तिवाद केले. गुप्त माहिती फोडणं माझ्या अधिकारात नव्हतं. कोचने उत्तर द्यायचं नसतं. निर्णय त्यांचा, त्यांच्याच तोंडून आलेला. एकही विधान खोटं नव्हतं. मी खोटं बोलले नव्हते — या एका वाक्यावर माझं जेवणखाण, झोप, नवं केबिन सगळं उभं होतं. तरीही केबिनमध्ये एका जागी बसवत नसे. विनाकारण उठून यंत्रांमधून फेऱ्या मारत असे. ताईंनी अभिनंदनाला शेतातली द्राक्षं पाठवली. सोबत निरोप होता, तू होतीस म्हणून मी उगाच धावले नाही. द्राक्षं मी पहारेकऱ्यांना वाटून टाकली.

यंदाच्या हंगामाआधी नव्या यंत्रावर आमच्या माणसांना तयार करायला ताई काही दिवस दिंडोरीला आल्या. त्यांनी कसं शिकवलं, हे मी बाजूला उभी राहून पाहिलं. ऑपरेटर चुकला की त्या विचारायच्या, आता तूच सांग, आधी काय तपासायचं? हात मागे बांधलेले. पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. माझ्याभोवती अशी होत नाहीत.

एका संध्याकाळी माझी गाडी दारात लागली. ताई म्हणाल्या, “निघालीस? मग रात्री कोण बघतं?”

पाळीचे अधिकारी बघतात, असं मी सांगितलं. कारखाना सुरू झाल्यापासून तसंच आहे का, त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्या गाडीकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानात न घेतलेली साडी दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसावी, तसं काहीतरी होतं.

“मग मला जमलं असतं की गं,” त्या म्हणाल्या. आणि लगेच, माझीच अडचण व्हायला नको म्हणून की काय, पुढे म्हणाल्या, “हे नंतर ठरलं असंल. आपण बोललो तवा कुठं काय ठरलं होतं.”

या वेळी पाळायला कोणताही नियम नव्हता. मी त्यांची कोच नव्हते, पद माझ्या हातात होतं, कोणी ते काढून घेणार नव्हतं. ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं.

मी म्हणाले, “हो ताई. नंतर ठरलं.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, नीट जा म्हणाल्या आणि यंत्राकडे परत वळल्या.

नंतर ठरलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं त्या दिवशी ते ठरलेलं होतं, आणि मला माहीत होतं. सासूबाई मागच्या महिन्यात गेल्या. ताई अंबडलाच पर्यवेक्षक आहेत. मी दिंडोरीला प्रमुख आहे.