दुसरीच्या नवसाची वाट

शेजारच्या मावशीचं खुब्याचं हाड मोडलं, त्या वर्षी तिची यात्रा माझ्या आईनं केली. सोबत मला जावं लागलं. मला जायचं नव्हतं, आणि ते मी शेवटपर्यंत लपवलं नाही.

सदर बाजाराच्या मागे आमची बिऱ्हाडं एका ओळीत होती. मावशी ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात आया. दर फेब्रुवारीत ती सदरच्या चर्चपासून सेमिनरी हिल्सवरच्या मातेच्या गुहेपर्यंत अनवाणी चालत जायची. अंतर फार नाही. सकाळी निघालेलं माणूस ऊन तापायच्या आत पोचतं. पण तिची आजी त्याच वाटेनं गेलेली, आई गेलेली. मुलगा टायफॉइडमधून उठला तेव्हापासून दर वर्षी चालेन, असा तिचा नवस होता. त्या थंडीत ती मोरीत घसरली. डॉक्टरांनी चालायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं आईला बोलावून घेतलं.

आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. बाबांनी घरातले देव टोपलीत भरून नाग नदीत सोडले, एवढं आठवतं. आता मी कॉलेजात जात होते. नवस-सायास ही गुलामी आहे, असं आमच्या वस्तीतल्या बायांना सांगत फिरत होते. आणि माझीच आई दुसरीचा नवस अंगावर घेऊन आली होती.

"काहून घेतला तू?" मी विचारलं.

आई भाकरी थापत होती. "नवस माहा नाई. तिचा आहे. मी फक्त चालून देतो."

"लोक काय म्हणतील?"

"या ओळीत आलो तेव्हा आपल्याले कोणी नळाले हात लावू देत नव्हतं. तिनं आपली बादली काढून माही लावली. तेव्हा लोक काय म्हणतील, हे तिनं विचारलं नाई."

मी उठून बाबांकडे गेले. ते माझ्या बाजूनं बोलतील अशी खात्री होती. बाबा गिरणीतून येऊन हातपाय धूत होते. "जाऊ दे तिले," ते म्हणाले. "पाया मात्र पडू नको म्हण." मग म्हणाले, "तू जाय सोबत."

मावशीच्या अटी भारी. चप्पल नाही, रिक्षा नाही, वाटेत फालतू बोलणं नाही. आणि टेकडीखालच्या जुन्या पायवाटेवर एक दगडी क्रूस होता, त्याला हात लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. आई मान डोलावत सगळं ऐकत होती. मी दारात उभी राहून धुमसत होते.

सकाळी चर्चपुढे गर्दी जमली. मराठी, हिंदी, तमिळ, सगळी गाणी एकात एक मिसळत होती. आई पांढऱ्या लुगड्यात एका कडेला उभी. खांद्याला निळी फीत लावलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या चर्चच्या?"

"कोणत्याच नाई. एका बाईच्या बदल्यात चालून राहिली."

ते गोंधळले. मग त्यांनी आम्हाला रांगेच्या शेवटी जायला सांगितलं. मला इतका राग आला की परत फिरू, असं मी आईला म्हणाले. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. फालतू बोलायचं नव्हतं ना.

छावणी ओलांडली तोवर आईच्या टाचेत काच शिरली होती. मी ती काढली आणि सोबत आणलेल्या चपला घाल म्हणाले. तिनं मान हलवली. पुढे टेकडी दिसायला लागल्यावर सगळी रांग डांबरी रस्त्यानं वळली. आई थांबली. जुनी पायवाट डावीकडून, बाभळीतून जात होती.

"माय, सगळे तिकडून चालले."

तिनं फक्त डावीकडे बोट दाखवलं. मी पाय आपटत तिच्या मागून गेले. गिट्टी, काटे, कोरडा नाला. लांबून गाण्यांचे आवाज येत होते आणि हळूहळू कमी होत होते. मग समोर काटेरी तारेचं कुंपण आलं. कोणत्याशा सरकारी खात्यानं ती जमीन घेतली होती. दगडी क्रूस तारेच्या आत, गवतात, थोडा कलंडलेला. आईनं तारेतून हात घातला. खांद्यापर्यंत घातला, तरी पोचला नाही. चौकीदार आला.

"अंदर नहीं जाना, बाई."

"सिर्फ हाथ लगाना है."

"साहब का हुकूम नहीं."

आईनं पुन्हा विनवलं. तो पाठ करून बिडी ओढत उभा राहिला. मी त्याच्याशी भांडले. बोलण्याची सगळी कसर तिथे भरून काढली. काही उपयोग झाला नाही. आम्ही आल्या वाटेनं परत रस्त्यावर आलो आणि टेकडी चढलो. वर पोचलो तेव्हा प्रार्थना आटोपली होती. माणसं शिदोऱ्या सोडून झाडांखाली जेवत होती. आई गुहेपुढे उभी राहिली. हात जोडले नाहीत. मावशीनं दिलेली मेणबत्ती लावली आणि हळूच म्हणाली, "तिले येता आलं नाई."

घरी आल्यावर मावशीनं पहिला प्रश्न विचारला, "क्रूसाले हात लावला?"

लावला म्हण, असं मी आईला खुणावत होते. एका शब्दात सगळं मिटलं असतं. पण आई रोज सकाळी पंचशील म्हणायची, त्यात खोटं न बोलण्याचंही एक, आणि ते नुसतं म्हणायची नाही.

"नाई लागला. तार लावली त्यायनं."

मावशीचा चेहरा पडला. "मग नाई पोचलं ते," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

आईच्या टाचेतून अजून रक्त येत होतं. माझ्या तोंडातून निघायचं ते निघालं, "मावशी, रक्त काढलं तिनं पायातून. आणखी काय पायजे तुमच्या मातेले?" आईनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. आठवडाभर दोघींपैकी कोणी माझ्याशी धड बोललं नाही, आणि एकमेकींशीही नाही. आई रोज जाऊन मावशीला उठवून बसवायची, तिची वेणी घालायची, आणि मुकाट्यानं परत यायची.

पुढच्या वर्षीही मावशी खाटेवरच. फेब्रुवारी आला तशी आई तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "डांबरीनं जाऊ का? तू म्हणशील तर त्या तारेपाशी पुन्हा जातो."

मावशीनं उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. मग भिंतीपलीकडून हाक आली, "जाय वं डांबरीनं. आणि चप्पल घाल."

आईनं चप्पल घातली नाही. का, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. त्या वर्षीही मी तिच्या मागून चिडचिड करत चालले, तिच्या आणि माझ्या चपला हातात घेऊन.