नवी नोकरी

घाटकोपरला आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ नोकरी बदलल्यापासून रोज इस्त्रीचा शर्ट घालून, तीन वर्षांची पोर कडेवर घेऊन निघत. बायको शाळेत शिकवायची, म्हणून पोरीला कुर्ल्याला मावशीकडे सोडून ते कामावर जातात, असं आम्हाला ठाऊक. “चला मॅडम, बस चुकेल,” ते पोरीला म्हणत.

एका दुपारी कुर्ल्याच्या बसथांब्यावर दोघं एका डब्यात जेवताना दिसली. पोरीने विचारलं, “बाबा, आपलं ऑफिस सुटलं?”

“सुटलं गं.”

माझ्याकडे बघून ते निवांत हसले. ओळख द्यावी की नाही, मला कळेना.

संध्याकाळी त्यांची बायको गॅलरीत भेटली. “नवी नोकरी मानवली हो ह्यांना. पूर्वी चिडूनच यायचे. आता गात येतात.”